लानूस येथील मावशीकडे

खंड टेबलावर आला तेव्हा मिल्तोन बिदेगाइन चष्मा पुसत होता. चष्मा डोळ्यांवर चढवून त्याने पाठीवरचा आकडा वाचला आणि कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने तो हळूच म्हणाला की काहीतरी चूक झालेली दिसते, आपण एकतीस सालचा खंड मागितला होता. ग्रंथालयातल्या बाईने मागणीची चिठ्ठीच त्याच्यापुढे ठेवली. ‘ला ओरिया’, पुएर्तो अरिस्मेंदी, १९७६. अक्षर त्याचंच होतं. साताच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ द्यायची त्याची जुनी सवय. छापखान्यातल्या माणसाने तो एक समजू नये म्हणून लागलेली. ती रेघसुद्धा जागच्या जागी होती. बाईने विचारलं, बदलून आणू का? तो म्हणाला, नको, राहू दे. आणि बाई निघून गेल्यावर आपण राहू दे का म्हणालो हे न कळून तो त्या बंद खंडासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला, डॉक्टरांच्या खोलीबाहेर माणसं बसतात तसा. बाहेर राजधानीची, मोन्तेविदेओची, सकाळ होती, बस थांबत होत्या आणि सुटत होत्या, पलीकडच्या टेबलावर एक विद्यार्थिनी पेन्सिलीचं टोक चावत होती. एकतीस लिहायला बसलेला हात शहात्तर लिहून मोकळा होतो, तेव्हा त्या हाताने किती वर्षं वाट पाहिलेली असते?

सात महिने तो दर मंगळवारी इथे येत होता. अरिस्मेंदीच्या वाचनालयातून नोएमी नावाच्या मुलीचा फोन आला होता: ‘ला ओरिया’ निघाल्याला यंदा शंभर वर्षं होतात, वर्तमानपत्र बंद पडूनही एकवीस झाली, पण गावाने त्याचा एक छोटा इतिहास छापायचं ठरवलं आहे, आणि जुन्या माणसांपैकी लिहू शकेल असे तुम्हीच एक उरलात. ‘उरलात’ हा शब्द त्याला आवडला नव्हता, तरी तो हो म्हणाला. तीस वर्षं राजधानीच्या एका छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधून तो निवृत्त झाला होता. बायको अकरा वर्षं संसार करून कधीच वेगळी झाली होती, भांडण न करता. जाताना एवढंच म्हणाली होती की तुझ्याबरोबर राहणं म्हणजे स्टेशनवर राहण्यासारखं आहे, तू सतत कुठेतरी जायला निघालेला असतोस आणि जात मात्र नाहीस. मंगळवार रिकामेच होते. त्याने एकोणीसशे बारापासून सुरुवात केली आणि त्र्याहत्तरपर्यंत आला, आणि मग पुढचं प्रकरण पंच्याऐंशीपासून सुरू केलं. नोएमीने फोनवर सहज विचारलं की मधली वर्षं कुठे आहेत. त्यावर तो म्हणाला होता की त्या वर्षांत विशेष काही घडलं नाही. आपल्याच तोंडचं हे वाक्य त्याला त्यानंतर कितीतरी दिवस, दाढी करताना, भाजी निवडताना, पुन्हा ऐकू येत असे.

बाकीचा इतिहास मात्र त्याने मनापासून लिहिला होता. लिहिताना तो इतका सुखात असे की कधीकधी दुपारचं जेवण विसरून जाई. मिल्तोनच्या वेळचे संपादक डॉन फाउस्तो गारिनो यांच्या वडिलांनी हातछपाईचं एक यंत्र नदीतून होडीने आणलं, आणि पहिल्या अंकात गावाच्या नावातलंच एक अक्षर गळलं. सगळा अंक जाळून पुन्हा छापला, पण त्यातली एक प्रत न्हाव्याकडे उरली आणि ती त्याने आरशाशेजारी चौकटीत लावली, मरेपर्यंत काढली नाही. पुढे याच म्हाताऱ्या गारिनोने गुरांच्या डॉक्टरवर काहीबाही लिहिलं, आणि प्रकरण द्वंद्वयुद्धावर गेलं. संत्र्यांच्या बागेत दोघांनी पिस्तुलं झाडली, दोन्ही गोळ्या झाडांना लागल्या, आणि शनिवारच्या अंकात संपादकाने स्वतःच त्याची बातमी लिहिली: हवा उत्तम होती, वारा दक्षिणेचा. एकोणसाठच्या पुरात नदी छापखान्यात शिरली तेव्हा कागद सगळा भिजला. बेकरीवाल्याने केक बांधायचा गुलाबी कागद दिला, आणि सलग चार अंक गुलाबी निघाले. किती घरं वाहून गेली, कोण कुठल्या छपरावर सापडलं, सगळं गुलाबी कागदावर. मिल्तोन तेव्हा दहा वर्षांचा होता. आईने तो अंक वाचताना रडावं की हसावं हे न कळून तो पदराखाली लपवावा तसा एप्रनखाली लपवला होता. हे सगळं लिहिताना त्याच्या नाकात शिशाचा वास येई. वितळलेल्या शिशाचा, शाईचा, आणि डॉन फाउस्तो दिवसभर पीत त्या ‘माते’ नावाच्या कडवट पाल्याच्या चहाचा वास. साठी उलटलेल्या माणसाला एखाद्या वासासाठी एवढं तळमळताना पाहून कुणालाही हसू आलं असतं, पण पाहायला कुणी नव्हतं.

अठराव्या वर्षी तो ‘ला ओरिया’त लागला. आधी मुद्रितं तपासायला, मग ‘प्रवासी’ लिहायला. बुधवारी आणि शनिवारी अंक निघे, आणि दोन्ही अंकांत दुसऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात हे सदर असे. कोण साल्तोला गेलं, कोण राजधानीहून आलं, कोणाची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी पोचली, कोण दात काढून परतलं. बाहेरच्या माणसाला ते वाचून हसू येई; गावात पहिल्यांदा तेच वाचत. लोक आपण होऊन चिठ्ठ्या आणून देत. गाव सोडून कधी कुठे न गेलेल्या एका विधवेने एकदा त्याला हळूच विनवलं होतं की बहिणीकडे साल्तोला गेले असं छाप. त्याने छापलं, आणि ती बिचारी जानेवारीच्या उन्हाळ्यात तीन दिवस खिडक्या लावून घरात बसली. चौथ्या दिवशी ‘परत आल्या’ हेही त्याने न सांगता छापलं. डॉन फाउस्तो म्हणत, "अग्रलेख मी माझ्यासाठी लिहितो, गाव तू चालवतोस." ते चेष्टेने म्हणत, पण मिल्तोनला ते खरं वाटे. आपण नाव छापलं की माणूस थोडा जास्त असतो, असं त्याला त्या वयात खरोखर वाटत असे.

विद्यार्थिनीने पान उलटलं. मिल्तोनने खंडाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. पुठ्ठा गार होता. त्याला वाटलं, उघडायचं कारणच काय? आत काय आहे ते पाठ आहे. फेब्रुवारीची अठरा तारीख, बुधवार, दुसरं पान, डावा कोपरा, वरून चौथी नोंद. पण पाठ असणं निराळं आणि छापलेलं समोर असणं निराळं, हे मुद्रितं तपासण्यात जन्म घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

सुल्मा फेरांदो शाळेत शिकवायची. तिसरीचा वर्ग. ती बोलताना हातावरचा खडू झटकत असे, सुट्टीच्या दिवशीही, खडू नसला तरीही. शाळेच्या बातम्या घेऊन ती छापखान्यात येई आणि काउंटरवर कोपर टेकून उभी राही, आणि मिल्तोन एकेक बातमी शक्य तेवढी लांबवत लिहून घेई. वृक्षारोपणाला कोणती झाडं? किती? कुणी पाणी घातलं? ती हसून म्हणायची, "एवढं छापणार आहेस का खरंच?" दोन उन्हाळे हे असं चाललं. दुपारच्या झोपेच्या वेळी, गाव बंद असताना, ती दोघं धक्क्यावर जाऊन बसत, माते पीत, आणि पलीकडच्या काठावरच्या अर्जेंटिनाकडे पाहत. लग्नाचं कुणी बोललं नव्हतं. बोलायची घाई वाटत नव्हती. पुढची सगळी वर्षं समोर नदीसारखी पसरलेली दिसत होती.

तिचा भाऊ हेबर राजधानीत शिकत होता. त्याच्यामागे लष्करी राजवट लागली, दोन मित्र उचलले गेले, आणि तो नाताळला घरी आला तो परत गेलाच नाही. दिवसभर मागच्या खोलीत बसे. गावात कुजबुज सुरू झाली. फेब्रुवारीत एका रविवारी तो लाँचमधून पलीकडे उतरला, मासे पकडायला निघाल्यासारखा, हातात गळ घेऊन. सोमवारी धक्क्यावर सुल्माने मिल्तोनला सांगितलं. कुणाला न सांगितलेलं ती त्याला सांगत होती, आणि सांगताना तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग त्याच्या बाहीला धरून सांगितलं: ब्युनोस आयरेसजवळ लानूस म्हणून भाग आहे, तिथे आमची मावशी आहे, तिच्याकडे आहे तो. ती बाही त्याला पुढे आयुष्यभर जड वाटायची होती. पण त्या दुपारी त्याला फक्त एवढंच कळलं होतं की तिने आपल्याला घरचं मानलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई, दोन्या ओफेलिया, स्वतः छापखान्यात आली. चांगले कपडे करून, हातात पर्स घेऊन, जणू बँकेत आली होती. तिने घडी घातलेला कागद पुढे केला. माझा मुलगा हेबर पुढील शिक्षणासाठी ब्युनोस आयरेसला गेला, हे ‘प्रवासी’मध्ये छापावे. तिला वाटत होतं, एकदा छापून आलं की बेकरीत विचारणाऱ्या बायकांची तोंडं बंद होतील. शिकायला गेलेल्या मुलाविषयी कोण काय बोलणार? मिल्तोनला कळत होतं. त्र्याहत्तरमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यापासून अंकाची मुद्रितं आधी बराकीत नेऊन दाखवावी लागत, आणि तीही तोच नेत असे. तिथला लेफ्टनंट, तरुण, पातळ मिशीचा, अग्रलेखाला हात लावायच्या आधी दुसरं पान उघडायचा. "बघू, आज कोण हिंडतंय," असं म्हणायचा आणि बोट फिरवत ‘प्रवासी’ वाचायचा. त्याला ते सदर आवडतं असं मिल्तोन एकदा घरी अभिमानाने सांगून बसला होता. त्या मंगळवारी मात्र त्याला हे आठवलं. तो दोन्या ओफेलियाला म्हणाला की बाई, हे नाही छापलं तर नाही का चालणार? ती त्याच्याकडे इतक्या दुखावलेल्या डोळ्यांनी पाहू लागली की त्याने हात पुढे करून कागद घेतला. ती म्हणाली, "सगळ्यांच्या मुलांचं छापतोस, पोरा. माझाच मुलगा लपवायचा का?"

इथपर्यंत तो स्वतःला माफ करू शकत होता. आईने दिलं, त्याने छापलं. पण ती गेल्यावर टंकयंत्रापुढे बसून त्याने ओळ लिहिली आणि ओळ त्याला अपुरी वाटली. बाकीच्या नोंदींत कुणाकडे उतरले हे असायचं: काकांकडे, जावयाकडे, अमुक हॉटेलात. आणि त्याला माहीत होतं. गावात त्याला एकट्यालाच माहीत होतं. त्याने तीन शब्द घातले. ते त्याने निष्काळजीपणे घातले असं पुढे तो स्वतःला सांगू पाहत असे, पण ते खोटं होतं. ते शब्द घालताना त्याच्या पोटात एक गोड कळ आली होती. सुल्मा उद्या हे वाचेल आणि तिला कळेल की तिचं प्रत्येक वाक्य मी जपून ठेवतो. गाव वाचेल आणि गावाला कळेल की फेरांदोंच्या घरातलं आता मला माहीत असतं. ती जवळजवळ लग्नपत्रिकाच होती. बराकीत लेफ्टनंटने बोट फिरवलं, बोट क्षणभर थांबल्यासारखं वाटलं की नाही हे मिल्तोनला त्याच संध्याकाळीसुद्धा नक्की सांगता आलं नसतं, आणि खाली सही केली.

त्याने खंड उघडला. कागद पिवळा पडला होता आणि कडांना तुटत होता. जानेवारी, फेब्रुवारी. बर्फाच्या कारखान्याची जाहिरात. संत्र्यांचा हंगाम. अठरा तारीख. ‘ब्युनोस आयरेसला रवाना: युवक हेबर फेरांदो, पुढील शिक्षणासाठी, लानूस येथील मावशीकडे.’ त्याच्या वरच्या नोंदीत कुणीतरी मुडदूस झालेल्या नातवाला घेऊन राजधानीला गेलं होतं, खालच्या नोंदीत एक जोडपं मधुचंद्राहून परतलं होतं. एकही चूक नव्हती. स्वल्पविराम जिथे हवे तिथे होते.

मेमध्ये मावशीच्या घरासमोर पहाटे दोन गाड्या थांबल्या, आणि हेबर त्यानंतर कुणाला दिसला नाही. तीन महिने मध्ये गेले होते. तीन महिन्यांत शंभर गोष्टी घडू शकतात. पलीकडे अर्जेंटिनातही मार्चमध्ये लष्कराने सत्ता घेतली होती, कुणी कुणाची नावं कबूल केली असतील, मावशीच्या शेजाऱ्याने सांगितलं असेल. मिल्तोनने हे सगळे रस्ते हजार वेळा चालून पाहिले होते आणि प्रत्येक रस्ता त्याला दुसऱ्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात आणून सोडत होता. बातमी गावात आली त्या दिवशी तो फेरांदोंच्या घरी निघाला, कोपऱ्यापर्यंत गेला, आणि फाटकात सुल्मा उभी आहे असं पाहून वळला. नंतर तो शाळेचा रस्ता टाळू लागला. छापखान्यात तो मागच्या खोलीत बसू लागला. ती एकदा येऊन गेल्याचं डॉन फाउस्तोने सांगितलं, एकदाच. ते त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले की ‘प्रवासी’ आता काही दिवस बंद ठेवू या. जुलैमध्ये तो राजधानीला निघून आला. त्याच्या जाण्याची नोंद कुठे छापली गेली नाही.

त्याने खंड मिटला, परत केला, आणि ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरून तो नेहमीच्या बसच्या रांगेत उभा राहिला. बस आली तरी तो चढला नाही. मग दुसरी आली. तिसऱ्या बसने तो थेट लांबच्या गाड्यांच्या तळावर गेला आणि अरिस्मेंदीचं तिकीट काढलं, हातातल्या पिशवीत वही, चष्म्याचं घर आणि अर्धा पाव एवढंच असताना.

सहा तासांचा रस्ता. छत्तीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की हा रस्ता फार लांब आहे. गुरं, निलगिरीच्या रांगा, पुन्हा गुरं. खिडकीच्या काचेत त्याचाच चेहरा शेतांवरून सरकत होता. तो काय बोलायचं ते जुळवू पाहत होता, आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य त्याला मुद्रित तपासणाऱ्याच्या नजरेने खोडावंसं वाटत होतं. ‘मला माफ कर’ हे फार सोपं होतं. ‘मला सांगायचं होतं’ हे खोटं होतं, कारण त्याला सांगायचं नव्हतंच. त्याला तिला पाहायचं होतं. हे मधल्या कुठल्यातरी गावात, बस पेट्रोलसाठी थांबली असताना, त्याला एकदम स्वच्छ कळलं आणि त्याची त्याला लाज वाटली. अपराधाच्या आडून आपण इतकी वर्षं तिचीच आठवण काढत होतो. अपराध होता म्हणून रोज काढता आली.

रात्र त्याने तळाजवळच्या हॉटेलात काढली. सकाळी नदीचा वास आला, आणि त्याचे पाय ओळखीच्या रस्त्याला लागले. छापखान्याच्या जागी आता टायरचं दुकान होतं. सुल्मा त्याच घरात राहते हे नोएमीच्या बोलण्यात मागे येऊन गेलं होतं: दोन्या ओफेलिया कधीच वारली, सुल्माने उशिरा लग्न केलं, नवरा भला माणूस होता, सहा वर्षांमागे गेला, मुलगी स्पेनमध्ये असते. त्याने फाटकातून आत जाऊन दार वाजवलं आणि सुल्मानेच ते उघडलं. केस आखूड आणि पांढरे, अंगात बागेतलं जुनं जाकीट. तिने त्याला ओळखायला क्षणही घेतला नाही, आणि तेच त्याला सोसलं नाही. ओळखायला थोडा वेळ लागला असता तर त्याला सावरता आलं असतं. ती म्हणाली, "ये. पाणी तापतंच आहे."

स्वयंपाकघरात टेबलाशी तो बसला. तिने मातेचा पेला भरला, त्याच्याकडे सरकवला, बिही नावाच्या फळाच्या वडीचे काप ताटलीत ठेवले. दोघांनी आधी मेलेल्या माणसांची चौकशी केली, डॉन फाउस्तोची, न्हाव्याची, मग पावसाची. तिने इतिहासाचं विचारलं. तो म्हणाला, लिहून होत आलाय, मधली काही वर्षं सोडली तर. मग त्याने पेला खाली ठेवला आणि बसमध्ये जुळवलेलं काहीही न वापरता सांगून टाकलं: तुझ्या आईच्या कागदावर फक्त ब्युनोस आयरेस होतं. लानूस आणि मावशी मी घातलं. लेफ्टनंट ते सदर वाचतो हे मला माहीत होतं. माहीत असून घातलं.

ती टेबलावरचे नसलेले कण बोटाने गोळा करत होती. शेजारच्या घरात रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

"आईच्या कागदावर काय होतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तो मीच लिहून दिला होता. तिचं अक्षर वाईट म्हणून."

त्याने मान वर केली.

"बुधवारी अंक आला तेव्हा मी शाळेत उन्हाळी वर्गावर होते. मधल्या सुट्टीत वाचला. पोरं अंगणात ओरडत होती आणि मी ते तीन शब्द वाचत होते. हे गावात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याला सांगितलं कुणी? मी." तिने हात झटकले. "आईला वाटायचं तिच्या पत्रामुळे झालं. मावशीला तिने पोस्टाने पत्र टाकलं होतं, मरेपर्यंत तेच घेऊन बसली. मावशीला वाटायचं, वाण्याकडे जास्तीचा पाव घ्यायला लागली म्हणून. मी कुणाला सांगितलंच नाही मला काय वाटतं ते. नवऱ्यालासुद्धा नाही."

मिल्तोन म्हणाला की दोष त्याचा आहे, तिने फक्त विश्वास ठेवला होता. तिने त्याला पुरं बोलू दिलं नाही.

"दोष वाटून घ्यायला तू तेव्हा यायला हवं होतंस. मी छापखान्यात आले होते, तू मागे बसला होतास. तुझे बूट दिसत होते मला पडद्याखालून." ती आवाज न चढवता बोलत होती, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्याच आवाजात. "त्या तीन शब्दांबद्दल बोलायला मला जगात एकच माणूस होता, मिल्तोन. आणि तो मोन्तेविदेओला निघून गेला. छापल्याचा राग नाही मला. त्याचा आहे."

"मी भ्यालो होतो," तो म्हणाला.

"लेफ्टनंटला?"

"तुला."

तिने मान हलवली, पटल्यासारखी नव्हे, पण ऐकल्यासारखी. पाणी निवलं होतं. ती उठली, किटली पुन्हा शेगडीवर ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या पाठीकडे पाहताना त्याला वाटलं की आपण आता उठावं, साडेअकराची बस आहे; जे सांगायचं ते सांगून झालं आणि जे ऐकायचं तेही. त्याने पिशवीकडे हात नेला. पण उठायचं म्हणजे पुन्हा तेच करायचं, आणि या वेळी पडदाही नव्हता. बाहेर अंगणात संत्र्याचं झाड होतं, फळांनी वाकलेलं, खाली काही सडत पडलेली. छत्तीस वर्षं इथे संत्री लागत होती आणि गळत होती. या खिडकीतून ती पाहायला आपण असू शकलो असतो. असं मनाशी स्पष्ट म्हणताना त्याला जे झालं ते दुःख आहे की काय हे त्याला कळेना. छातीत काहीतरी फार सावकाश जागा करत होतं, एवढंच.

"त्या मधल्या वर्षांचं काय लिहिणार आहेस?" पाठमोरीच ती म्हणाली.

"काहीच नाही लिहिलं. विशेष काही घडलं नाही म्हणून सांगितलं मी नोएमीला."

"हेबर घडला नाही?"

त्याने पिशवीवरचा हात काढून घेतला.

"लिही," सुल्मा म्हणाली. ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "लोक वाचतील, वाचू दे. लेफ्टनंट बोट फिरवायचा ते लिही, आईला आपला मुलगा लपवायचा नव्हता ते लिही. पण ते शब्द तू घातलेस असं एकट्याचं लिहू नकोस. मी सांगितले, तू घातलेस. दोघांचं लिही."

"तुझं नाव येईल."

"आलं पाहिजे. अडतीस वर्षं या गावात मुलांना लिहायला शिकवलं, माझं नाव मला लिहिता येतं."

मग त्याने पिशवीतून वही काढली. आधी त्याने नुसतीच पानं उलटली, द्वंद्वयुद्धाची, पुराची, गुलाबी अंकांची, आणि जिथे त्र्याहत्तर संपत होतं तिथे थांबला. तिथून पुढचं पान कोरं होतं. सुल्माने कपाटातून चष्मा आणला. त्याने लिहायला सुरुवात केली आणि लिहिलेलं हळू आवाजात वाचून दाखवलं: फेब्रुवारी महिन्यातल्या एका रविवारी हेबर फेरांदो, वय तेवीस, मासे पकडायला निघाल्यासारखा लाँचमध्ये चढला.

"नाही," ती म्हणाली, "बावीस. तेवीस त्याला जूनमध्ये लागणार होतं." आणि तिने आपली खुर्ची टेबलाच्या त्याच्या बाजूला ओढून घेतली.